नवी पानं पिवळी, मासे मात्र ठणठणीत: अ‍ॅक्वापोनिक्समध्ये पुन्हा पुन्हा येणारा केवडा

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी फिरवून त्यावर मातीशिवाय भाजी घेणं. अशा माशांच्या पाण्यावर पालक, लेट्यूस, चुका, राजगिरा असं काही लावलं असेल आणि खालच्यातल्या तीन-चार गोष्टी तुमच्याकडे जुळत असतील, तर पुढचं वाचा. लोहाचं पाकीट तोपर्यंत बंदच ठेवा.

लक्षणं

- शेंड्याची, अगदी कोवळी पानं पिवळी पडतात. शिरा मात्र हिरव्या राहतात, पानावर हिरवी जाळी काढल्यासारखं दिसतं. यालाच केवडा म्हणतात. दुखणं जुनं झालं की नवं पान जवळजवळ पांढरंच बाहेर येतं.
- खालची जुनी पानं बऱ्यापैकी हिरवी असतात.
- मासे खातात, पळतात, त्यांची काही तक्रार नसते.
- लोह घातलं की आठ-दहा दिवसांत नवी पानं हिरवी येतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.
- मार्च ते मे जोर असतो, पाऊस लागला की आपोआप बरं वाटतं.

शेवटचे दोन मुद्दे जुळले तर माझा पहिला संशय लोहावर नसतो. तो रोज वरून भरल्या जाणाऱ्या पाण्यावर असतो. माशांच्या खाद्यात पाल्याला पुरेल इतकं लोह नसतंच, त्यामुळे थोडं लोह बाहेरून द्यावं लागतं, हे खरं. पण पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास असेल तर दिलेलं लोह गंजासारखं तळाशी बसतं आणि मुळांच्या हाती लागत नाही. मग माणूस आणखी लोह घालतो. पुण्या-सोलापुराकडच्या, नगर-मराठवाड्याकडच्या बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या बहुतेक यंत्रणांमध्ये मला हेच सापडलं आहे.

तरीही सरळ पाण्यावर उडी मारू नका. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या उरका, कारण पिवळं पान दिसलं की प्रत्येक वेळी लोहच कमी असतं असं नाही.

१. कोणतं पान पिवळं आहे ते बघा

याला एक मिनिट लागतं आणि निम्मा निकाल इथेच लागतो. लोह झाडात एकदा बसलं की जागचं हलत नाही, म्हणून तुटवडा आधी नव्या पानावर दिसतो. नत्र, पोटॅश आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून त्यांचा तुटवडा खालच्या पानांवर दिसतो.

खालचं पान सगळंच फिकट पिवळं असेल तर नत्र कमी आहे. खालच्या पानाची कड करपून तपकिरी होत असेल तर पोटॅश. माशांच्या खाद्यात पोटॅश बेताचंच असतं, त्यामुळे हीदेखील नेहमीची तक्रार आहे. खालच्याच पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. यातलं काही असेल तर हा लेख तुमच्यासाठी अर्धाच कामाचा आहे. तपासणी क्रमांक तीन मात्र वाचाच.

२. रोप उपसून मुळं बघा, वास घ्या

मुळं पांढरी किंवा मळकट पांढरी असली पाहिजेत. तपकिरी, बुळबुळीत आणि ओढल्यावर साल सुटणारी असतील तर मुळं सडत आहेत. सडलेलं मूळ पाण्यात असलेलं लोहही उचलू शकत नाही. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर गेलं की हे हमखास होतं: गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि बुरशीला जोर येतो.

मुळांवर माशांच्या विष्ठेचा गाळ बसलेला दिसला तर गाळ काढायची सोय तोकडी आहे. माशांची टाकी आणि बेड, म्हणजे रोपांचा वाफा, यांच्यामध्ये गाळ बसायला एखादा ड्रम हवा आणि तो नियमित रिकामा व्हायला हवा. खडीचा बेड असेल तर खाली हात घालून एक मूठ उपसा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तळाशी हवा पोचत नाही. बेल सायफन, म्हणजे बेड भरला की पाणी आपोआप उपसणारी नळी, नीट उपसतो की नुसताच झिरपत राहतो, ते उभं राहून दोन-तीन फेऱ्या बघा.

३. खाद्य मोजा

अंदाजे मूठभर नाही, काट्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१४ मध्ये छोट्या यंत्रणांसाठी दिलेला आकडा असा आहे: पालेभाजीच्या दर चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य. तरंगत्या बेडवर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रेकॉसी यांनी ठरवलेलं प्रमाण याहून जास्त, ६० ते १०० ग्रॅम. आपल्याकडे गच्चीवर चार चौरस मीटरचा बेड आणि टाकीत पंधरा-वीस बोटभर मासे असा थाट असतो. रोजचं खाद्य ३० ग्रॅम. त्यात पाल्याचं पोट भरत नाही हे उघडच आहे. पण कमी खाद्याचा लोहाशीही थेट संबंध आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

माशांनी टाकलेल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात तेव्हा पाण्यात आम्ल तयार होतं. म्हणून नीट चालणाऱ्या यंत्रणेत सामू हळूहळू खाली यायला हवा. वर्षभर चाललेल्या यंत्रणेत तो आठवर खिळून बसला असेल तर कुणीतरी ते आम्ल मारतं आहे. हे काम बायकार्बोनेटचं, आणि ते बोअरच्या पाण्यातून येतं. द्राक्षवाल्यांना पाण्याच्या अहवालातला हा रकाना चांगला माहीत असतो.

ढोबळ हिशोब मांडतो. यंत्रणा हजार लिटरची, उन्हाळ्यात रोज २५ लिटर पाणी उडतं आणि तेवढं आपण भरतो. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे बायकार्बोनेटचं माप, लिटरला ३०० मिलिग्रॅम धरू. रोज साडेसात ग्रॅम आत आली. आता खर्च बघा. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे ७ ग्रॅम अल्कलिनिटी संपते. ३२ टक्के प्रथिनांचं ३० ग्रॅम खाद्य दिलं तर जेमतेम ०.९ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. म्हणजे खर्च सव्वासहा ग्रॅमच्या आसपास. जमा साडेसात, खर्च सव्वासहा. शिवाय पाला नायट्रेट उचलताना मुळं खर्च झालेली थोडी अल्कलिनिटी परत करतात ते वेगळंच. पाणी उडून जातं, बायकार्बोनेट मात्र मागे राहतं. सामू खाली येणार कुठून? पावसाळ्यात पाणी कमी उडतं, वरून पावसाचं मऊ पाणीही पडतं, आणि पाला हिरवा होतो. लोक म्हणतात हवा मानवली.

याच यंत्रणेत रोज १०० ग्रॅम खाद्य खाणारे मासे असते तर खर्च वीस ग्रॅमच्या वर गेला असता आणि सामू कधीच सातच्या खाली आला असता. पण हे वाचून उद्यापासून खाद्य तिप्पट करू नका. मासे दहा मिनिटांत संपवतात तेवढंच खाद्य. वाढवायचं तर आठवड्याला थोडं थोडं, आणि अमोनिया तपासत. सामू आठ असताना अमोनिया वाढला तर मासे आधी जातात: सात सामूच्या तुलनेत आठला विषारी, मुक्त अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट असतो.

४. खडीवर व्हिनेगर टाका

बेडमधली मूठभर खडी धुऊन वाळवा आणि तिच्यावर साधं पांढरं व्हिनेगर ओता. फेस किंवा बुडबुड्यांची रांग आली तर खडीत चुना आहे. तो रोज विरघळून सामू वर ढकलतो आणि तुम्ही आम्ल घालाल ते खाऊन टाकतो. आपली काळी खडी सहसा निर्धोक असते, पण खाणीवरून येताना तिच्यात पांढरे खडे आणि चुनखडीचे गोळे मिसळलेले असतात. पांढरे खडे वेगळे काढून त्यांच्यावर स्वतंत्र चाचणी करा, नाहीतर नमुन्यात नेमके काळेच येतात आणि निकाल चुकतो.

शोभेसाठी टाकलेले संगमरवरी गोटे, शिंपले, कवड्या, 'कॅल्शियम मिळेल' म्हणून घातलेली अंड्याची टरफलं हे सगळं त्याच खात्यात. काढून टाका. टाकी नव्या सिमेंटची असेल आणि आतून लेप नसेल तर वेगळी चाचणी नको, तीच कारण आहे.

५. सामू मोजा, पण बोअरचासुद्धा

यंत्रणेचा सामू सकाळी आणि संध्याकाळी असा दोन वेळा मोजा. मत्स्यालयाच्या दुकानातलं थेंबांचं किट पुरतं. पेनसारखं मीटर असेल तर त्याबरोबर येणाऱ्या ४.०१ आणि ६.८६ च्या पुड्या विरघळवून ते आधी जुळवून घ्या. न जुळवलेलं पेन अर्ध्या-पाऊण अंकाने खोटं बोलतं, आणि अर्ध्या-पाऊण अंकावरच इथला सगळा निर्णय आहे.

मग बोअरचं पाणी. ते नळातून थेट मोजलं तर सात-सव्वासात दिसतं आणि 'पाणी तर चांगलं आहे' असा समज होतो. जमिनीखालच्या पाण्यात कर्बवायू विरघळलेला असतो, तो सामू खाली दाबून धरतो. बादलीत एअर स्टोन टाकून रात्रभर हवा द्या आणि सकाळी पुन्हा मोजा. आता आठ-सव्वाआठ दिसला तर टाकीत गेल्यावर हे पाणी काय करतं ते कळलं.

घरातल्या शुद्धीकरण यंत्राचं वाया जाणारं पाणी टाकीत सोडणारेही बरेच आहेत. पाणी वाचवायची कळकळ समजते, पण त्या पाण्यात मूळ पाण्याचे क्षार आणखी घट्ट झालेले असतात. ते भांडी घासायला, फरशी पुसायला ठेवा.

मासे, जिवाणू आणि पाला एकत्र असलेल्या यंत्रणेत सामू ६.४ ते ७ हवा. ७.५ च्या खाली केवडा सहज आवरतो. आठच्या वर नुसत्या लोहाने प्रश्न सुटणार नाही.

६. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटी

इथे किटवर थोडे पैसे जातात. अमोनिया आणि नायट्राइट शून्याजवळ, नायट्रेट दिसण्याइतकं, असं असेल तर जिवाणू कामाला लागलेले आहेत. यंत्रणा नवी असेल, चार-सहा आठवडे झाले नसतील, तर थांबा. जिवाणूच अजून बसलेले नाहीत, सामू उतरणार कसा? भरायचं पाणी नगरपालिकेचं असेल तर ते एक दिवस उघड्यावर हवा देत ठेवून मगच घाला. क्लोरीन जिवाणूंना मारतं.

अल्कलिनिटी यंत्रणेच्या पाण्याची आणि भरायच्या पाण्याची, दोन्ही मोजा. भरायच्या पाण्यात दोनशेच्या वर आकडा आला तर वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी पुन्हा मांडा.

आता उपाय: पाणी बदला

सगळ्यात स्वस्त आणि कायमचा उपाय पावसाचं पाणी. पत्र्यावरचा पहिला पाऊस सोडून द्या, नंतरचं पाणी झाकलेल्या टाकीत साठवा आणि उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यात अर्धं-अर्धं मिसळून भरा. अल्कलिनिटी निम्म्यावर आली की पुष्कळ ठिकाणी बाकीचं काम जिवाणूच करतात. बेडवर सावलीची जाळी, टाकीवर झाकण. जेवढं पाणी कमी उडेल तेवढं कमी भरावं लागेल.

पावसाचं पाणी नसेल तर आम्ल. पण ते माशांच्या टाकीत कधीही नाही. वेगळा ड्रम घ्या, भरायचं पाणी त्यात घ्या, फॉस्फोरिक आम्ल थोडं थोडं घाला, हवा देत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. लगेच मोजलेला आकडा फसवतो, कर्बवायू उडून गेल्यावर सामू पुन्हा चढतो. आम्ल पाण्यात घालायचं, आम्लात पाणी नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. बॅटरीचं आम्ल, संडास धुवायचं आम्ल यांना इथे थारा नाही, त्यात काय काय मिसळलेलं असतं याचा भरवसा नसतो. लिंबूसत्वाचा सामू टिकत नाही आणि जास्त झालं तर जिवाणूंनाही ते मानवत नाही. यंत्रणेचा सामू दिवसाला ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त हलू देऊ नका. माशांना चुकीच्या सामूपेक्षा अचानक बदललेला सामू जास्त लागतो.

मग लोह, पण कोणतं?

चिलेटेड म्हणजे लोह धरून ठेवणाऱ्या पदार्थात बांधलेलं लोह; ईडीटीए, डीटीपीए, ईडीडीएचए ही त्या पदार्थांची नावं. कृषी सेवा केंद्रात 'चिलेटेड फेरस' मागितलं तर बहुतेक वेळा ईडीटीए मिळतं. ते सामू साडेसहापर्यंतच लोह धरून ठेवतं, त्याच्या वर लोह सोडतं आणि कॅल्शियम पकडतं. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत चालतं. ईडीडीएचए आठ-नऊलाही टिकतं, महाग असतं आणि पाणी लालसर करतं. लाल पाण्याने मासे घाबरत नाहीत, घरचेच घाबरतात.

मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम लोह, साधारण तीन आठवड्यांनी एकदा. हजार लिटरला शुद्ध लोह २ ग्रॅम. पाकिटावर ११ टक्के लिहिलं असेल तर पूड १८ ग्रॅम, ६ टक्के असेल तर ३३ ग्रॅम. बादलीत विरघळवून बेडच्या तोंडाशी घाला. जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, नजर नव्या पानावर ठेवा.

पाकिटावर फक्त लोह आहे ना, ते वाचा. फवारणीचं 'ग्रेड-२' सूक्ष्म अन्नद्रव्य स्वस्त पडतं म्हणून लोक ओततात. त्यात जस्त आणि तांबं असतं, आणि माशांना दोन्ही विषारी आहेत. हिराकसही (फेरस सल्फेट) नको: आठ सामूच्या पाण्यात त्याचा गंज होतो, होताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि तो गाळ माशांच्या कल्ल्यांवर बसतो. टाकीत गंजके खिळे टाकण्याची युक्ती निरुपद्रवी आहे, पण निरुपयोगीही. गंजलेलं लोह मुळांना मिळत नाही, हाच तर मूळ प्रश्न.

खडीत चुना निघाला असेल तर मात्र वरचं सगळं तात्पुरतं. बेड रिकामा करून खडी बदलायची, हे सगळ्यात कष्टाचं काम, म्हणून शेवटी. एकदम सगळा बेड काढू नका. खडीवरच जिवाणूंची वस्ती असते. एक-तृतीयांश काढा, दोन-तीन आठवडे अमोनिया बघा, मग पुढचा भाग.

कोकणातल्या वाचकांनी यातलं बरंचसं उलटं वाचायला हवं. जांभ्याच्या भागातलं पाणी सहसा मऊ असतं, तिथे सामू खाली घसरत जातो. सहाच्या खाली गेला की जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो. तिथे चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, चिमटीचिमटीने द्यावं लागतं. केवडा तिथेही दिसतो, पण सामू कमी असल्याने साध्या ईडीटीएने तो जातो.

कुठे थांबायचं

पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत असतील तर पानांचा विषय बाजूला. खाद्य बंद, हवा वाढवा, आणि तासाभरात फरक नसेल तर जाणकाराला फोन. एका दिवसात दोन-चार मासे मेले, अंगावर जखमा, कापसासारखी बुरशी किंवा फिकट कल्ले दिसले तरी तेच. दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध घालू नका, पाला त्याच पाण्यावर आहे आणि तो तुम्ही खाणार आहात. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. रत्नागिरीजवळ शिरगाव, उदगीर आणि नागपूर इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत.

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत हात घालू नका. बुडवायच्या पंपाची वायर खराब झालेली असते, तिच्यावर चिकटपट्टी लावून भागत नाही.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी असेल तर आम्ल, लोह काहीच करत बसू नका. तिथला प्रश्न सोडियमचा आहे. ते आम्लाने जात नाही, आणि पाणी उडेल तसं साचत जातं. पावसाचं साठवलेलं पाणी पुरत नसेल तर तिथे यंत्रणा उभारण्याआधीच सल्ला घ्या.

आणि सामू सातच्या खाली आला, लोह बरोबर दिलं, मुळं पांढरी आहेत, तरीही तीन आठवड्यांत नवं पान पिवळंच येतंय, तर अंदाज बांधणं सोडा आणि पाणी प्रयोगशाळेत द्या. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत चौकशी करा. दोन स्वच्छ प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, एक यंत्रणेच्या पाण्याची, एक भरायच्या पाण्याची. त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, नावं लिहा आणि त्याच दिवशी पोचवा. सामू, विद्युत वाहकता, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि क्लोराइड मागा. लोह आणि मँगनीज करून देत असतील तर तेही.